चार मीटरच्या आतली क्रॉसओव्हर : कोल्हापूरकर मालकांचे अनुभव आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएच ०९ पासिंगची छोटी क्रॉसओव्हर २०१९ पासून माझ्या दारात आहे. इंजिन टर्बो पेट्रोल, गिअर मॅन्युअल आणि आजवरचे रनिंग ७८ हजार किलोमीटर. नवी गाडी घ्यायला निघालेले शेजारी, पाहुणे आणि कचेरीतील सहकारी येऊन जे प्रश्न विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे देताना केवळ माझ्या गाडीवर विसंबलेलो नाही. ओळखीच्या अनेक मालकांचे बरेवाईट अनुभवही विचारात घेतले आहेत.

एकाच गाडीबद्दल एक मालक कौतुक करतो आणि दुसरा नावे ठेवतो. खरे कोणाचे मानावे?

बहुतेक वेळा दोघांचेही खरे असते. नाव एकच असले, तरी त्या नावाखाली साधे १.२ लिटरचे पेट्रोल, टर्बो पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी अशा निरनिराळ्या स्वभावाच्या गाड्या विकल्या जातात, आणि त्यांत मॅन्युअल की एएमटी, सीव्हीटी, ड्युअल क्लच (हे तिन्ही क्लच पेडल नसलेले प्रकार) यांपैकी कोणता गिअरबॉक्स आहे यावरून त्या आणखी बदलतात. त्यामुळे तक्रार ऐकल्यावर मी प्रथम दोन गोष्टी विचारतो : इंजिन-गिअरची जोडी कोणती, आणि गाडी रोज कोठून कोठे जाते.

माझ्या ओळखीच्या दोघांनी एकाच वर्षी, एकाच शोरूममधून, एकाच मॉडेलची डिझेल गाडी घेतली. पहिले शिक्षक असून उचगावहून राजारामपुरीपर्यंत ये-जा करतात. वर्षभरातच त्यांच्या डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागू लागला, गाडी तीन वेळा सर्व्हिस सेंटरला गेली, आणि आता ते डिझेलचे नाव काढले तरी हात जोडतात. दुसऱ्यांचा यंत्रभागांचा व्यवसाय असल्याने आठवड्यातून दोनदा त्यांची पुण्याला फेरी होते. तो दिवा त्यांनी आजवर पाहिलेलाही नाही. कारण सरळ आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या प्रदूषणाच्या बीएस-६ निकषांमुळे डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजेच डीपीएफ, आला. साठलेली काजळी जळून जाण्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो, आणि तो तापण्यासाठी गाडी बराच वेळ सलग, मोकळ्या रस्त्यावर चालावी लागते. चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ते घडतच नाही. गाडीत दोष नव्हता, पण ती शिक्षकांच्या कामाची नव्हती, आणि विकताना हे कोणी त्यांना सांगितले नाही.

क्रॉसओव्हर आणि एसयूव्ही यांत नेमका फरक काय?

जुन्या धाटणीच्या एसयूव्हीमध्ये खाली स्वतंत्र चॅसी आणि तीवर बॉडी बसवलेली असते, तर क्रॉसओव्हरचा सांगाडा मोटारकारसारखा एकसंध असतो. चार मीटरच्या आतल्या जवळजवळ सर्व क्रॉसओव्हरमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या दोनच चाकांना मिळते. उसाच्या फडातील चिखलात गाडी घालायची असेल, तर उंची पाहून फसू नये.

सगळ्या कंपन्यांनी चार मीटरचाच हट्ट का धरला आहे?

करामुळे. लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोल असल्यास १२०० सीसीपर्यंत, डिझेल असल्यास १५०० सीसीपर्यंत असेल, तर गाडी 'लहान' ठरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो, तर मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. त्यापूर्वी लहान गाड्यांवरही २८ टक्के आणि वर उपकर असे. ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू आणि फ्रॉन्क्स या चौघींची लांबी नेमकी ३,९९५ मिलिमीटर आहे, हा योगायोग नव्हे. या वर्गाची खरी चलती २०१३ मध्ये आलेल्या इकोस्पोर्टपासून आणि २०१६ मधल्या व्हिटारा ब्रेझापासून सुरू झाली.

मागचा दरवाजा एकाएकी सुरीने कापल्यासारखा का दिसतो, याचे उत्तरही यातच आहे. कोल्हापुरात नोंदणी करताना आणखी एक आकडा ध्यानात ठेवावा : राज्याच्या वाहन कराचे टप्पे दहा लाखांवर बदलतात, आणि किंमत दहा लाखांच्या वर गेली की एक टक्का टीसीएसही (विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच वसूल केलेला प्राप्तिकर) भरावा लागतो. तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण गाडी घेताना रोख मोजावाच लागतो.

कंपनी सांगते तेवढे ॲव्हरेज का मिळत नाही?

कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत, गाडी रोलरवर ठराविक पद्धतीने चालवून काढलेला असतो. तेथे बिंदू चौक नसतो आणि पापाची तिकटीही नसते. माझ्या वहीतील नोंदींप्रमाणे महामार्गावर ८५ ते ९० च्या वेगाने मला लिटरला साडेसतरा किलोमीटर मिळतात, ११० च्या वेगाने चौदा, आणि महाद्वार रोड व गंगावेशीच्या गर्दीत साडेदहा ते अकरा. टर्बो पेट्रोलचा हाच स्वभाव आहे. हलक्या पायाने चालवली तर ती काटकसरी असते, पाय दाबला की साधी १.२ सुद्धा तिच्याहून बरी ठरते.

डॅशबोर्डवरचा आकडा प्रमाण मानू नये. टाकी तोंडापर्यंत भरून ट्रिप मीटर शून्य करावा, तीन-चारशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर पुन्हा तितकीच टाकी भरावी आणि किलोमीटरला लागलेल्या लिटरने भागावे. माझ्या गाडीचा डॅशबोर्ड या हिशेबापेक्षा नेहमी एक-सव्वा किलोमीटर जास्त दाखवतो.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे ॲव्हरेज घटते का?

घटते. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मिश्रण दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर गेले की हिशेबाने तीन-साडेतीन टक्क्यांची घट होणारच. म्हणजे पंधराच्या जागी साडेचौदा. कोणी पंधराच्या जागी अकरा मिळू लागल्याचे सांगत असेल, तर टायरमधील हवा, अडकलेले ब्रेक आणि एअर फिल्टर हे अगोदर तपासून घ्यावेत. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाडीत रबरी नळ्या आणि सील यांकडे सर्व्हिसिंगच्या वेळी लक्ष द्यायला सांगावे. उसाचे बिल घेताना इथेनॉलला दुवा देणारा आणि पंपावर त्याच इथेनॉलच्या नावाने बोटे मोडणारा माणूस आमच्या जिल्ह्यात बहुधा एकच असतो.

ही गाडी घाटात दम टाकते का?

कोल्हापूरकरासाठी हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण कोकणात उतरायचे तर करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबा किंवा आंबोली यांपैकी एक घाट गाठावाच लागतो, आणि उतरलेली गाडी दोन दिवसांनी चार माणसे, आंब्याच्या पेट्या आणि चालू एसीसह परत वर आणावी लागते.

साधे १.२ लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन हे काम करते, पण कुरकुरत. दुसऱ्या गिअरमध्ये आवाज वाढतो, तिसरा टाकला की गाडी मंदावते आणि चालकाला एसी बंद करण्याचा मोह होतो. टर्बोमध्ये ताकद भरपूर असते, मात्र ती इंजिनाच्या मिनिटाला ठराविक फेऱ्यांच्या (आरपीएम) वरच मिळते. पहिल्या पावसाळ्यात वैभववाडीकडून करूळ घाट चढताना एका उभ्या वळणावर माझ्यापुढचा ट्रक जवळजवळ थांबला. माझी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती आणि आरपीएमचा काटा १,२०० वर आला होता. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी क्षणभर तशीच रेंगाळली, मागून एसटी हॉर्न वाजवत होती, आणि काटा १,८०० च्या पुढे जाताच गाडी एकदम उसळून ट्रकच्या फाळक्याजवळ गेली. तेव्हापासून अशा वळणाआधीच मी पहिला गिअर टाकतो. इंजिन दुबळे नव्हते, ते कधी जागे होते हे मला ठाऊक नव्हते. टर्बोचे मालक पहिल्या वर्षी पिकअपची तक्रार करतात आणि दुसऱ्या वर्षी ती विसरतात, त्याचे कारण हेच असावे.

उतरताना गाडी न्यूट्रल करू नये. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावे, नाहीतर ब्रेक तापून त्यांची पकड जाते. मागच्या सीटवरच्या मुलांना वळणांवर उलट्या होतात, ही तक्रार मात्र उंच गाड्यांच्या बाबतीत खरी आहे. गाडी उंच, म्हणून झोकाही मोठा.

एएमटी घ्यावी का?

शहरासाठी जरूर घ्यावी, पण ती काय आहे हे समजून. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम तेवढे यंत्र करते. म्हणून गिअर बदलताना मान डोलावल्यासारखा हलका झटका जाणवतो. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलवर डाव्या पायाला मिळणारी विश्रांती पाहता तो सोसण्याजोगा आहे.

अडचण चढावर येते. जोतिबाला यात्रेच्या दिवशी चढावर गाड्यांची रांग लागली, की बरेच चालक ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी जागच्या जागी तोलून धरतात. त्या वेळी क्लच सतत घासत राहतो, जळका वास येतो आणि क्लच प्लेटचे आयुष्य झपाट्याने घटते. माझ्या चुलतभावाच्या गाडीची प्लेट अशाने ३४ हजार किलोमीटरला बदलावी लागली, तर त्याच मॉडेलची दुसरी गाडी सत्तर हजारांवर मूळ प्लेटवर चालते आहे. चढावर थांबल्यास ब्रेक किंवा हातब्रेकच वापरावा, घाटात मॅन्युअल मोड घ्यावा, आणि आपण निवडलेल्या मॉडेलमध्ये हिल होल्ड (चढावर गाडी मागे घसरू न देणारी सोय) आहे का, हे अवश्य पाहावे. खर्च परवडत असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक किंवा सीव्हीटी अधिक सुखाची.

पुढच्या चाकाकडून खडखड आवाज येतो. गाडी खराब निघाली असे समजावे का?

लगेच तसे समजू नये. या गाड्यांची उंची सांभाळण्यासाठी सस्पेन्शन थोडे कडक ठेवलेले असते आणि आपल्या खड्ड्यांचा पहिला मार अँटिरोल बारला (वळणावर गाडीचा झोक कमी करणारी दांडी) जोडणाऱ्या लिंक रॉडला व बुशांना बसतो. चाळीस हजारांच्या आसपास माझ्या गाडीतून, रंकाळ्याच्या बाजूच्या गतिरोधकांवर संथ वेगात, डबीत सुपारी हलवल्यासारखा आवाज येऊ लागला. सर्व्हिस सेंटरने पुढचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर बदलण्याचे एस्टिमेट दिले. उद्यमनगरातील एका जुन्या मिस्त्रींनी गाडी गॅरेजमधल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली, माझ्याकडून स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवून घेतले, एका दांडीच्या टोकाला दोन बोटे लावली आणि मलाही तेथे बोट ठेवायला सांगितले. सांध्यातील ढिलाई बोटाला सरळ जाणवली. दोन लिंक रॉड बदलल्यावर आवाज थांबला, आणि शॉकअब्सॉर्बर आजही मूळचेच आहेत.

पाणी साचलेल्या रस्त्यातून ही गाडी नेता येते का?

ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीचे पोट आणि रस्ता यांतील अंतराचा, आकडा गतिरोधकासाठी असतो, पुरासाठी नव्हे. शिवाय पाच माणसे आणि सामान भरल्यावर तो कमी होतो. पाणी चाकाच्या मध्याच्या वर असेल, तर गाडी घालू नये. पाण्यात इंजिन बंद पडलेच, तर पुन्हा स्टार्टर मारू नये, कारण सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि त्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. असे झालेले नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुधा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे जादा कवच घ्यावे लागते.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावरच पाणी आले होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दुधाळी किंवा नागाळा पार्कच्या सखल भागात गाडी लावणाऱ्याने ४३ फुटांची वाट न पाहता इशारा पातळीलाच गाडी उंचावरच्या पाहुण्यांकडे नेऊन ठेवावी. तळघरातील पार्किंगमध्ये बुडालेल्या गाड्यांत उंच गाड्याही होत्या.

वयस्कर माणसांसाठी ही गाडी कशी आहे?

या वर्गाची सर्वांत प्रामाणिक स्तुती येथेच ऐकू येते. माझ्या आईचे गुडघे दुखतात. जुन्या हॅचबॅकमध्ये तिला खाली वाकून बसावे लागे, मामांच्या मोठ्या एसयूव्हीत पायरी चढून वर जावे लागे. या गाडीत ती दार उघडून सरळ टेकते. मागे तिघे बसू शकतात, पण मधल्याचे हाल होतात. गडहिंग्लजपर्यंत ठीक आहे, पुण्यापर्यंत नाही.

सुरक्षिततेचे स्टार पाहून निर्णय घ्यावा का?

पाहावेत, पण वर्षासह. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेचे पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी ही याच वर्गातली नेक्सॉन होती, आणि त्यानंतर शोरूममध्ये स्टार विचारणारे ग्राहक वाढले. जुलै २०२२ मध्ये त्या संस्थेचे निकष कडक झाले आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही भारताची स्वतःची चाचणी सुरू झाली. जुन्या निकषांचे पाच आणि नव्या निकषांचे पाच सारखे नव्हेत. मागे बसणारे पट्टा लावत नसतील, तर या चर्चेला फारसा अर्थ उरत नाही. गळीत हंगामात रात्री कागल किंवा राधानगरी रस्त्याने जाताना मागे दिवा नसलेल्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या समोर येतात. तेथे हेडलाइट आणि वेग यांचा उपयोग स्टारपेक्षा जास्त होतो.

स्क्रीन अधूनमधून बंद पडते. काय करावे?

ही तक्रार जवळजवळ सर्वच कंपन्यांच्या मालकांकडून येते. सॉफ्टवेअर अपडेट करून घ्यावे. स्क्रीन बंद असताना एसीचे बटण वेगळे चालते का, हे मात्र गाडी घेण्यापूर्वीच पाहावे.

सीएनजी फायद्याची आहे का?

महिन्याला दीड हजार किलोमीटरहून अधिक रनिंग असेल, तर विचार करावा. ताकद कमी होते, ती घाटात जाणवते. एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर खाली बसवण्याची रचना आल्यापासून बऱ्याच गाड्यांत डिकी वाचते. पंपावरच्या रांगेत जाणारा वेळ मात्र हिशेबात धरावाच, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट चुकवू नये.

जुनी क्रॉसओव्हर घेताना काय पाहावे?

मीटरपेक्षा सर्व्हिस रेकॉर्डवर विश्वास ठेवावा. पूरग्रस्त गाडी ओळखण्यासाठी सीटचे रूळ, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर दिसणारा भाग आणि स्टेपनीखालची जागा पाहावी. धुऊन पुसून ठेवलेल्या गाडीतही तेथे गाळाची रेघ राहते. इकोस्पोर्ट घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, की फोर्डने भारतातील उत्पादन थांबवण्याचा निर्णय सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केला. सर्व्हिस व सुटे भाग चालू ठेवण्याचेही तेव्हा सांगितले होते. तरीही बंपर, दिवे आणि काचा किती दिवसांत मिळतात, हे सौदा ठरण्यापूर्वी विचारून घ्यावे.

सर्व्हिस सेंटर 'सगळ्या गाड्यांना असेच होते' असे सांगते. पुढे काय करावे?

तक्रार जॉब कार्डवर नेमक्या शब्दांत लिहून घ्यावी. 'आवाज येतो' एवढेच नको. 'सकाळी थंड इंजिनवर, ताशी २० ते ३० वेगात, डावीकडे वळताना खटखट' असे लिहावे. मिस्त्रीला शेजारी बसवून एक चक्कर मारावी. बदललेला जुना भाग मागावा. फ्री सर्व्हिसिंगमध्ये मजुरीच तेवढी माफ असते, तेल-फिल्टरचे पैसे लागतात, हे अगोदरच समजून घेतले म्हणजे काउंटरवर वाद होत नाही. इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन वगैरे ओळी मात्र गरज नसल्यास एस्टिमेटमधून खोडायला सांगाव्यात.

तोच दोष पुन्हा पुन्हा येत असेल, तर कंपनीला ईमेल करावा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंद करावी आणि तरीही दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची असते आणि या किमतीच्या गाड्यांसाठीचे शुल्क काही शेकड्यांतच आहे. तेथे उपयोगी पडतात ती तारीखवार जॉब कार्डे. माझ्या एका सहकाऱ्याने ती रद्दीत घातली होती.

दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी घ्यावी का?

खुशाल घ्यावी, फक्त तपासणी दोन दिवस आधी, उजेडात उरकावी. मुहूर्ताच्या दिवशी शोरूममध्ये वीस-पंचवीस गाड्या रांगेत असतात, हार, पेढे आणि फोटो यांत कोणी बॉनेट उघडत नाही. चेसिस क्रमांक कागदाशी ताडून पाहावा, गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारावे, आणि पाचही टायरवरचे चार आकडे वाचावेत : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाचवे टायर म्हणजे स्टेपनी बऱ्याच मॉडेलांत इतर चारांपेक्षा लहान असते आणि तिच्यावर वेगाची मर्यादा छापलेली असते. माझ्या गाडीत जॅक होता, पाना नव्हता. तो नसल्याचे मला कळले ते निपाणीच्या अलीकडे, रात्री साडेदहा वाजता.